गुणाबाईंचे पाय आणि पिलाऱ्यांच्या घरचा खटका

प्रति,
मा. विद्युत निरीक्षक साहेब,
विद्युत निरीक्षकांचे कार्यालय,
नागपूर.

अर्जदारीण : गुणाबाई बेवा लटारू गहाणे, धंदा धानाची शेती, राहणार मौजे बोरपेठ, नागभीड जंक्शनजवळ, तहसील ब्रह्मपुरी, जिल्हा चांदा.

विरुद्ध पक्ष : दि चंडिका राइस मिल अँड इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी, बोरपेठ, तर्फे मॅनेजर भैयाजी.

विषय : मुखरू पिलारे यांच्या घरचा बिजलीचा खटका शेगडीच्या भाराने पडत असता, तो अर्जदारीण बाईंच्या पायगुणाने पडतो असा प्रवाद उठल्याबाबत; व तो प्रवाद सरकारी शिक्क्यानिशी खोडून मिळण्याबाबत.

संदर्भ : सदर कंपनीचे पिलारे यांस आलेले पत्र, ज्यात 'आमच्या तारेत वा यंत्रात कोणताही दोष आढळला नाही' एवढे लिहून कंपनी मोकळी झाली आहे.

महोदय,

१. हा अर्ज लांबणार आहे, हे आधीच सांगितलेले बरे. अर्जलेखक बोरपेठच्या बाजारचौकात बसून लोकांचे अर्ज लिहितो आणि एरवी वाटणी, शेताचा धुरा आणि भावकीचे भांडण मिळून एका पानात बसवून देतो. परंतु अर्जदारीण बाई सकाळपासून समोर मांडी ठोकून बसल्या आहेत आणि त्यांचा हुकूम आहे, "सारं लिवा, नानाजी. एक बी गोठ सोडली तं मी दुसऱ्याकडून लिवून घीन." पेठेत दुसरा अर्जलेखक नाही, हे त्यांना ठाऊक आहे, तरी त्या तसे म्हणाल्या, यावरून त्यांच्या स्वभावाची कल्पना यावी. सबब जेथे त्यांचे बोलणे आले आहे तेथे ते त्यांच्याच तोंडचे ठेवले आहे. त्यातील तिखट अर्जलेखकाचे नाही. शिव्या मात्र वगळल्या आहेत. त्या जागा साहेबांनी आपल्या मनाने भरून घ्याव्यात.

२. अर्जदारीण बाईंना एकुलती एक लेक, भागीरथा. ती याच पेठेत मुखरू पिलारे यांना दिली आहे. लेक गावातच दिली म्हणजे रोज तोंड दिसते, असा बाईंचा हिशेब होता. आज तेच तोंड पाहायला बाईंना सरकारकडे अर्ज करावा लागत आहे. मुखरू यांच्या मातोश्री रुखमाबाई, म्हणजे अर्जदारीण बाईंच्या विहीणबाई, या घराच्या कर्त्या. मुखरू हे सज्जन गृहस्थ असून आईच्या पुढे बोलत नाहीत आणि मागेही बोलत नाहीत.

राइस मिलच्या मालकांनी मिलच्या इंजिनावर बिजली तयार करून ती पेठेत द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या घरांत पिलाऱ्यांचे घर होते. कंपनीने माजघर, स्वयंपाकघर, ओसरी आणि आतली खोली अशा चार दिव्यांपुरती बारीक रबरी तार लाकडी पट्टीवरून छताच्या खालून फिरवली. दाराच्या आतल्या भिंतीवर एक काळी पेटी बसवली. तिला कंपनीचे लोक सर्किट ब्रेकर म्हणतात आणि पेठेतले लोक खटका म्हणतात. तारेला झेपेल त्याहून जास्त भार तारेवर आला, की पेटीतला दांडा खट्‌कन खाली पडतो आणि घरात अंधार होतो. भार काढून दांडा वर केला, की दिवे परत येतात. यात देव नाही, दानव नाही आणि कोणाची विहीणबाई तर मुळीच नाही.

पुढे त्या घरात टेबलावरचा पंखा आला. मग रेडिओ आला. शेवटी मॅनेजर भैयाजी यांनी रुखमाबाईंना बिजलीची शेगडी विकली. धूर नाही, राख नाही, फुंकणी नको, असे सांगून विकली. या सगळ्या वस्तू त्याच चार दिव्यांच्या तारेवर लावल्या गेल्या. बैलगाडीला चार पोती पेलतात म्हणून कोणी त्यात भातगिरणी चढवत नाही. पण गाडीचा कणा मोडलेला दिसतो आणि तारेचा दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

३. आता पायांची हकीकत. आमच्या झाडीच्या मुलखात पाहुणा दारात आला, की आधी पाय धुवायला पाणी, मग बसायला चटई, मग कुशल विचारायचे. हे साहेबांना माहीत असेलच. भागीरथाच्या लग्नानंतर अर्जदारीण बाई पहिल्यांदा लेकीच्या घरी गेल्या तो पुसाचा महिना होता आणि रुखमाबाईंनी त्यांच्या पायांवर गार पाणी दिले. बाईंनी ते मुकाट सोसले, असे लिहावे असे अर्जलेखकाने सुचवले होते. ते बाईंनी खोडायला लावले. खरे असे, की बाई बाहेर येऊन भर चौकात बोलल्या, "माह्या लेकीच्या घरी लाकडं बी महाग झाले काय? इहिणीच्या पायाले गुंडीभर पानी तापवता येत नाई?"

हे बोलणे रुखमाबाईंच्या जिव्हारी लागले. तेव्हापासून त्यांनी नेमच केला, की गुणाबाई दारात दिसली की आधी पाणी तापत ठेवायचे. चुलीवर ठेवत तोवर कोणाचे काही बिघडले नाही. बिजलीची शेगडी आल्यावर मात्र पाणी तिच्यावर जाऊ लागले. शिवाय विहिणीसमोर घरची श्रीमंती दिसावी म्हणून रेडिओ लावायचा, थंडीतसुद्धा पंखा फिरवायचा, चार दिवे दिवसाढवळ्या पेटवायचे. अशा थाटात पाणी कोमट होते न होते, रुखमाबाई ते परातीत ओतून गुंडी पुन्हा शेगडीवर चहासाठी चढवतात, अर्जदारीण बाई पाय परातीत ठेवतात आणि खटका पडतो.

साहेब, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते ती एखादे वेळी. येथे तर कावळा आला की फांदीवर घाव घालायची घरातच रीत पडली आहे. दोष कावळ्याला.

४. पहिल्यांदा असे झाले तेव्हा सगळे हसले. दुसऱ्यांदा रुखमाबाई शेजारणीजवळ बोलल्या आणि शेजारणीजवळ बोललेले बोरपेठेत किती वेळ शेजारणीजवळ राहते, हे लिहायला नको. शब्द असे होते, "इहीणबाईचा पाय परातीत पडला, का माह्या घरातली लक्षुमी उठून जाते. मले काई म्हनायचं नाई. पन डोये तं आहेत नं मले!" मग कोणाला आठवले, की लटारू गहाणे ऐन उमेदीत वारले. मग कोणाला आठवले, की भागीरथाचे पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे अर्जदारीण बाईंच्या घरी झाले आणि मूल हाती लागले नाही. लोकांची आठवण अशा वेळी फार तल्लख होते. पेठेतल्या बाया विहिरीवर बाईंना वाट देऊ लागल्या. ती मानाने दिलेली वाट नव्हती. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द अर्जदारीण बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकला आणि जिने तो उच्चारला तिची घागर फोडली. घागरीबद्दल त्यांना पश्चात्ताप नाही.

आज भागीरथा पुन्हा दिवसांत आहे आणि दिवस भरत आले आहेत. पहिल्या वेळचे पाहता हे बाळंतपण सासरीच होणार, असे रुखमाबाईंनी ठरवले. अर्जदारीण बाईंनी तेही मान्य केले. म्हणाल्या, ठीक, मी तिथे येऊन बसेन. त्यावर रुखमाबाईंनी उंबरठ्यावर आडव्या उभ्या राहून सांगितले, "बाई, राग मानू नका. पोरगं होऊन त्याचं बारसं होये परेंत इथी पाय टाकू नका. ऐन वक्ताले अंधार झाला तं सुईनीनं काय करावं?" बाईंच्या हातात लेकीसाठी आणलेले डिंकाचे लाडू होते. लाडू आत घेतले. बाईंना बाहेर ठेवले.

साहेब, सारा मामला हा एवढाच आहे. एका आईला आपल्या लेकीच्या बाळंतपणात तिच्या उशाशी बसायचे आहे आणि कंपनीचा एक काळा खटका दारात आडवा आला आहे.

५. अर्जदारीण बाईंच्या पायांत दोष नाही, याला पुरावा पुढीलप्रमाणे.

एके दिवशी बाई पुढच्या दाराने न जाता मागच्या सांदवाडीतून, म्हणजे परसातून, शिरल्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर लेकीजवळ बसल्या. रुखमाबाई देवळात होत्या. पाय धुतले नाहीत, कोणी पाणी तापवले नाही. मायलेकी पोटभर बोलल्या, डोक्यावर दिवा जळत होता. रुखमाबाई परतल्या, त्यांनी विहिणीला पाहिले आणि धावत जाऊन शेगडी लावली. खटका पडला. रुखमाबाई म्हणाल्या, "पाहा, मागून आली तरी गेलीच!" यावर अर्जदारीण बाई काय म्हणाल्या तो मजकूर वगळला आहे.

दुसरे असे, की धान मोजायला आलेले सरकारी लोक पिलाऱ्यांकडे उतरले होते. त्यांना चहा झाला, तेव्हाही खटका पडला. त्या वेळी अर्जदारीण बाई नागभीडच्या बाजारात होत्या आणि त्यांना पाहणारे साक्षीदार आहेत. पण रुखमाबाईंनी तो अंधारही त्यांच्याच नावावर लिहिला. म्हणाल्या, आदल्या दिवशी गुणाबाई घरावरून गेली होती, तिची सावली पडली असेल. साहेबांनी सांगावे, अशा न्यायापुढे माणसाने जावे तरी कोठून? गावाला वळसा घालून शेतात जावे, की पाय काढून डोक्यावर घ्यावेत?

६. सबब अर्जदारीण बाईंनी मुळाशीच जायचे ठरवले आणि त्या थेट मिलमधल्या पॉवर हाऊसमध्ये गेल्या. इंजीन धडधडत होते. बाईंनी चपला बाहेर काढल्या, अनवाणी पायांनी इंजिनाला प्रदक्षिणा घातली आणि पुढ्यात उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "घे. हे माहे पाय. पड बंद!" इंजीन बंद पडले नाही. मिलवरच्या हमालांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर भैयाजी धावत आले. त्यांनी बाईंना हटकले आणि कंपनीच्या आवारात विनापरवाना शिरल्याबद्दल फौजदारी करण्याची धमकी दिली. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरे काय.

तेथे जी बोलाचाली झाली तीच या अर्जाचा कणा आहे, म्हणून ती बाईंनी सांगितली तशी देत आहे. बाईंनी विचारले, "माह्या पायानं जाते काय लाइन? सांग चार मानसाईसमोर." भैयाजी हसले आणि शहाणपणाच्या तोऱ्यात बोलून गेले, "पायानं कायले जाईन, बाई? दिव्याची तार बारीक. तिच्यावर शेगडी लावली, पंखा लावला, रेडिओ लावला, का भार वाढते. भार वाढला का खटका पडते. पडलाच पाह्यजे. नाई पडला तं तार तापते अन् घर पेटते. शेगडीले अलग जाड तार टाकाव लागते." बाई म्हणाल्या, "मंग हेच चाल अन् रुखमाबाईले सांग." त्यासरशी भैयाजींचे हसू मावळले. म्हणाले, "थे नाई सांगत. शेगडी वापस घ्या म्हनन ते. साऱ्या पेठीत इकून राह्यलो मी शेगड्या. घरोघरी नवीन तार कोन टाकन, तुहा बाप?"

अर्जदारीण बाईंचे वडील दिवंगत असून त्यांचा येथे काही संबंध नव्हता.

यानंतर पिलाऱ्यांनी कंपनीकडे तोंडी तक्रार केली, तेव्हा भैयाजींनी संदर्भात नमूद केलेले पत्र पाठवले. तार ठीक, यंत्र ठीक. शेगडीचा शब्द नाही. रुखमाबाईंनी ते पत्र मुखरूंकडून वाचून घेतले आणि निकाल दिला, की तार चांगली, यंत्र चांगले, मग उरले कोण? उरली गुणाबाई. हमालांपैकी कोणी साक्ष द्यायला येईल काय, असे अर्जलेखकाने विचारून पाहिले. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतला एकही तयार नाही. त्यांची चूल मिलवर पेटते.

७. अर्जलेखकाला विजेचे ज्ञान नाही. परंतु विजेचा कायदा माणसांसाठी केला आहे, एवढे त्याला कळते. जी कंपनी चार दिव्यांची तार टाकते आणि त्याच तारेवर चालवायला शेगडी विकते, खटका पडला की पैसे घेऊन माणूस पाठवते आणि तो माणूस दांडा वर करून चहा पिऊन जातो, त्या कंपनीला व्यापारी म्हणावे की आणखी काही, हे साहेबांनी ठरवावे. आपली चूक झाकायला या लोकांना एका विधवेचे पाय सापडले. भैयाजींच्या घरी स्वतःची शेगडी आहे आणि तिला जाड तार वेगळी आहे, हे अर्जलेखकाने स्वतः खिडकीतून पाहिले आहे. खिडकीतून पाहिल्याबद्दल फौजदारी करायची असेल तर तीही करावी.

८. सबब अर्जदारीण बाईंच्या मागण्या अशा :

(अ) पिलारे यांच्या घरचा खटका शेगडीच्या भाराने पडतो, कोणाच्याही पायगुणाने नाही, असा दाखला साहेबांनी आपल्या सहीशिक्क्यानिशी द्यावा. तो मराठीत असावा आणि मोठ्या अक्षरांत असावा.

(ब) तो दाखला मॅनेजर भैयाजी यांनी बाजाराच्या दिवशी चौकात स्वतःच्या तोंडाने वाचावा. अर्जदारीण बाई समोर उभ्या राहतील.

(क) रुखमाबाईंनी घरी येऊन अर्जदारीण बाईंचे पाय गरम पाण्याने धुवावेत. ही मागणी विजेच्या कायद्यात बसत नाही, असे अर्जलेखकाने सांगितले. बाई म्हणाल्या, "बसवा."

(ड) साहेब चौकशीला आले तर त्यांनी पिलाऱ्यांच्या घरी पाय धुऊ नयेत आणि चहा मागू नये. साहेब सरकारी पाहुणे. रेडिओ, पंखा, शेगडी सगळे एकदम लागेल, साहेबांचा पाय परातीत असताना खटका पडेल आणि मग साहेबांच्या पायांचे काय होईल, ते सांगता येत नाही. बाईंना या बाबतीत सोबत नको आहे.

९. येथवर मजकूर लिहून, वाचून दाखवून अर्जदारीण बाईंचा अंगठा घ्यायचा, तोच शेजारची बुधरी विहिरीवरून बोलवायला आली. भागीरथा विहिरीवर आली होती आणि आईला भेटायचे म्हणत होती. बाई गेल्या त्या बऱ्याच वेळाने आल्या. आल्या तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. पुढील मजकूर त्यानंतरचा आहे. अर्ज नव्याने लिहून काढावा असे अर्जलेखक म्हणाला, पण त्यासाठी थांबायला बाई तयार नाहीत.

भागीरथाने सांगितले ते असे. आईला दारबंदी झाली त्याच आठवड्यात रुखमाबाईंनी भैयाजींना बोलावून सांगितले, की घरात शुभकार्य आहे, खटका पडता कामा नये. भैयाजींनी पेटीच्या दोन टोकांना तांब्याची जाड तार बाहेरून परस्पर जोडून दिली. म्हणजे आता तारेवर कितीही भार आला तरी खटका मध्ये येत नाही. दांडा पडला काय आणि उभा राहिला काय, बिजली त्याला बगल देऊन जाते. तेव्हापासून पिलाऱ्यांच्या घरी एकदाही अंधार झालेला नाही. आणि सगळी पेठ म्हणते आहे, पाहा, गुणाबाई यायची थांबली आणि लाइन जायची थांबली.

बाईंना याचा राग आला नाही. येणार होता, पण लेकीने पुढे जे सांगितले त्याने तो जागच्या जागी विरला. भागीरथाची बाज आतल्या खोलीत आहे. तिच्या डोक्यावरून तारेची लाकडी पट्टी जाते. शेगडी लावली की ती पट्टी तापते, हात लावला तर चटका बसतो आणि खोलीत रबर जळाल्याचा वास भरतो. भागीरथाने सासूला सांगितले. सासू म्हणाली, पोटुशा बाईला नाही नाही ते वास येतात. नवऱ्याला सांगितले. नवरा भैयाजींकडे गेला आणि भैयाजी म्हणाले, "काई नाई होत." आणि बाळंतपणानंतर बाजेखाली जो निखाऱ्यांचा शेक देतात, तोही या खेपेला बिजलीच्या शेगडीचा द्यायचे ठरले आहे. सकाळ-संध्याकाळ. धूर नाही, राख नाही. घरात सागाच्या फाट्यांवर बांबूची ताटी आणि तिच्यावर कौले. त्याखाली ओली बाळंतीण आणि मूल.

नाही पडला तर घर पेटते, हे भैयाजींनी आपल्या तोंडाने अर्जदारीण बाईंना सांगितले होते. त्याच भैयाजींनी आपल्या हाताने तो न पडेलसा करून दिला. अर्जलेखकाला यापुढे भाषा आवरणे कठीण आहे. त्याने बरेच लिहिले होते, ते बाईंनी फाडायला लावले. म्हणाल्या, शिव्या घालत बसाल तर टपाल जाईल.

अर्जदारीण बाई विहिरीवरून तशाच पिलाऱ्यांच्या दारात गेल्या होत्या. आत शिरल्या नाहीत. रस्त्यावर उभ्या राहून ती तांब्याची तार काढा म्हणून ओरडल्या. रुखमाबाई म्हणाल्या, "आता खटका पडत नाई म्हनून इचं पोट दुखून राह्यलं." लोक जमले होते, ते हसले.

१०. सबब वरील मागण्यांपैकी (अ), (ब), (क) आणि (ड) अर्जदारीण बाई परत घेत आहेत. दाखला नको. भैयाजींचे वाचन नको. पाय धुणे नको. आता एकच मागणी आहे : साहेबांनी तारेने हुकूम पाठवून मुखरू पिलारे यांच्या घरची बिजली खांबावरूनच तोडावी आणि ती लेकीचे बाळंतपण, पाचवी आणि शेकाचे दिवस पार पडेपर्यंत जोडू देऊ नये. हुकूम नागभीड स्टेशनच्या तारऑफिसात आला तरी चालेल. बाई आज संध्याकाळपासून तेथेच बसणार आहेत.

याचा परिणाम काय होईल, हे अर्जलेखकाने त्यांना समजावून सांगितले. आजवर त्यांच्या नावाने घटकाभराचा अंधार होत होता. त्यांच्या अर्जावरून आख्खी लाइनच तुटली, तर पांढऱ्या पायाची हा शब्द त्यांना मरेपर्यंत चिकटेल, आणि त्या वेळी तो खोटा आहे असे अर्जलेखकालाही सांगता येणार नाही, कारण लाइन खरोखरच त्यांच्यामुळे गेलेली असेल. रुखमाबाई तर पुन्हा कधी दारात उभे करणार नाहीत. नातवाचे तोंडही लांबूनच पाहावे लागेल. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि उत्तर दिले ते असे,

"म्हनू द्या. गुणाबाईनं लाइन गिळली म्हनू द्या. मले घरात नाई घेतलं तरी चालते, नानाजी. माही लेक अंधारात बाळंत होऊ द्या, पन जिती राहू द्या. लिवा."

लिहिले आहे.

जितके नम्र राहता आले तितकी नम्र,

गुणाबाई बेवा लटारू गहाणे
(डाव्या हाताचा अंगठा)

अर्ज लिहिणार : नानाजी, बाजारचौक, बोरपेठ
दिनांक ७ डिसेंबर १९५८

सोबत : भागीरथाच्या बाजेवर, उशाच्या बाजूला, वरच्या तारेतून गळलेले रबराचे थेंब, कागदाच्या पुडीत. तिने ते पदरात बांधून विहिरीवर आणले होते.